टेकू

आई फोनवर विचारते, तू तिथे नेमकं करतेस काय,
औषधं विकतेस?
नाही गं, म्हटलं, औषधांची भांडणं सोडवते.
ती हसली, आणि मिरजेच्या नळाला
चार दिवस पाणी नाही, ते सांगत राहिली.

शेफील्डच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
खिडकी नसलेल्या खोलीत
माझ्या पडद्यावर माल्कम स्टॅनिफोर्थ.
वय सहासष्ट. लिम्फोमा, मानेपासून छातीपर्यंत.
आणि त्याखाली बारीक अक्षरात:
एचआयव्ही, एकोणीसशे ब्याण्णवपासून.

त्याच्या रोजच्या गोळ्यांत एक अशी आहे
जी स्वतः काहीच मारत नाही.
नुसता टेकू.
यकृतात जो भंगारवाला बसलाय
आलेलं औषध मोडीत काढायला,
त्याला ती झोपवून ठेवते.
मग जोडीची गोळी रक्तात टिकते, दिवसभर पहारा करते.
वीस वर्षं हे ठीकच चाललं.

पण केमोतलं एक औषधही
त्याच भंगारवाल्याच्या दारात जातं.
तो झोपलेला.
औषध उठत नाही, साचतं.
पांढऱ्या पेशी तळ गाठतात,
बोटांची टोकं बधिर होत जातात.
मी लाल खूण केली. डॉक्टरांना फोन केला. दोन्ही विभागांच्या.
त्यांनी एकमेकांना पत्रं लिहायचं ठरवलं,
मी म्हटलं, पत्रं नकोत, आज बोला.

माल्कम समोर बसला तेव्हा
मी त्याच्या बोटांकडेच पाहत होते.
खिशातले चाकू बनवतो, बापाच्या जागी, त्याच बाकावर.
पात्याची धार अंगठ्याने बघतो, आडवा फिरवून, हलकेच.
यंत्र आहे त्यासाठी, तो म्हणाला,
पण यंत्राला अंगठा नाही.

त्याला समजावताना मला दुसरं काही सुचेना.
आमच्याकडे म्हणतात, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.
तो थोडा वेळ गप्प.
मग धंद्यातला माणूस बोलतो तसं बोलला:
म्यान काही बदलता यायचं नाही.
म्हणजे तलवार बदला.
कुठली?

जुनी, म्हटलं.
टेकू नको असलेली नवी गोळी आहे. दिवसातून एकच.
आजपासून. केमो पुढच्या आठवड्यात,
तोवर जुनीचा अंमल उतरेल, तो भंगारवाला जागा होईल.
मळमळीच्या गोळ्या मी तपासल्यात.
अँटासिड मात्र मनाने घ्यायचं नाही, आधी मला विचारायचं.

त्याने डबी टेबलावर ठेवली, पण हात काढला नाही.
रॉयला हिच्यापर्यंत पोचता आलं नाही, म्हणाला.
ब्याण्णवच्या नोव्हेंबरात आमचा निकाल एकाच दिवशी आला,
एकाच बसने घरी गेलो.
त्र्याण्णवच्या मार्चमध्ये मी एकटा.
हिने मला काय दिलं ठाऊक आहे?
संधिवात दिला. चष्मा दिला. टक्कल दिलं.
आणि आता तुम्ही म्हणता, हिला सोडा.

मी काही म्हटलं नाही.
आमच्या शिक्षणात यावर प्रकरण नव्हतं.
सोडताना बोलायचं काय,
ज्याने सांभाळलं आणि आता नडतंय, त्याला.

परत आलेल्या गोळ्या निळ्या डब्यात जातात, जाळायला.
त्याआधी मोजायच्या, असा माझा शिरस्ता.
हिशेबाने एकवीस हव्यात.
मी दोनदा मोजल्या, ट्रेवर, चपट्या सुरीने दोन दोन सरकवत.
वीस.

आयुष्यभर मी मोजत आलेय.
एक कमी भरली तर खाली वाकून
फरशीवर शोधणारी बाई मी.
त्याच्याकडे पाहिलं.
तो कोटाचं बटण लावत होता,
उजवा हात वरच्या खिशावर जरा जास्त वेळ.

घेऊ नका हं, म्हटलं.
काय? तो म्हणाला.
काही नाही.

रकान्यात वीस लिहिलं, आणि सही केली.
बोटांना मुंग्या आल्या तर लगेच फोन करा,
रात्री असो, रविवार असो.
त्याने अंगठा माझ्या टेबलाच्या कडेवरून
आडवा फिरवला,
बोथट आहे, म्हणाला,
आणि लिफ्टकडे गेला.